बसलं म्हणजे चाललं असं नाही: टीव्ही गेमचे जुने रिमोट कॉम्प्युटरला जोडताना

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून घेतलेल्या टीव्ही गेमचा रिमोट मी एकदा थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसला होता. शाळेत होतो. जुळे सोलापुरात एका मित्राकडे नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला नऊ पिनांचं सॉकेट होतं. आमच्या रिमोटच्या वायरीच्या टोकाला नऊ भोकांचा प्लग. आकार तोच, एक बाजू रुंद, एक अरुंद. "काय करलालास बे?" असं मित्र ओरडेपर्यंत घालून झालं होतं. अगदी मापात बसलं. आणि पुढं काहीही झालं नाही. ना पडद्यावर काही हललं, ना सुदैवानं धूर निघाला.

ते सॉकेट होतं सीरियल पोर्टचं. जुने माउस आणि मोडेम तिथं लागायचे. त्याच्या तारांवर साधारण उणे बारा ते अधिक बारा व्होल्ट खेळतात. आमच्या रिमोटला पाच व्होल्टची सवय. तो जळला नाही हे त्याचं नशीब, माझी हुशारी नव्हे.

परवा सुट्टीत भाच्यानं माळ्यावरून तोच खोका खाली काढला आणि विचारलं, "मामा, याला यूएसबीचा ॲडॉप्टर मिळतो का? नुसती पिन बदलायचीय ना?" प्रश्न तोच, फक्त पंचवीस वर्षांनी. म्हणून हा लेख. (कंट्रोलर म्हणा, गेमपॅड म्हणा, आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणतात. इथंही तेच म्हणतो.)

नुसती पिन बदलून चालत नाही, कारण ॲडॉप्टर हा वायरीचा तुकडा नसतो. तो दुभाष्या असतो. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. पूर्व भागात माझ्या एका मित्राची आजी फक्त तेलुगू बोलायची. माझ्या आजीला मराठी आणि थोडं कन्नड. दोघी शेजारी बसल्या की मध्ये मित्राची आई लागायची. गंमत अशी की आजी दोन मिनिटं हातवारे करून काहीतरी सांगायची आणि काकू त्याचं चार शब्दांत भाषांतर करायच्या. मधलं कुठं गेलं, देव जाणे. ॲडॉप्टर घेताना हे तीन प्रश्न विचारायचे: रिमोट कुठली भाषा बोलतो, कॉम्प्युटरला कुठली कळते, आणि मधल्या काकू काय गाळतात.

आधी रिमोटची भाषा.

आपल्याकडे बहुतेकांच्या घरी जो टीव्ही गेम होता, तो निंटेंडो या जपानी कंपनीचा अस्सल नव्हता. निंटेंडोनं १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला, तोच पुढं बाहेरच्या देशांत एनईएस झाला. त्याच्या नकला आशियाभर निघाल्या, आणि '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटसकट त्या आपल्या घरात आल्या. नक्कल असली तरी रिमोटची भाषा मात्र मूळचीच ठेवली होती, नाहीतर मूळ गेम चाललेच नसते. त्यामुळं एनईएसच्या रिमोटचं कळलं की आपल्या जत्रेतल्या रिमोटचंही कळलं.

त्या रिमोटवर आठ बटणं असतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार दिली असती तर वायर दोरखंडाएवढी जाड झाली असती. म्हणून कामाच्या तारा पाचच. एक पाच व्होल्टची, एक ग्राउंड, आणि उरलेल्या तिघींना लॅच, क्लॉक आणि डेटा म्हणतात. यांचं काम लहानपणीच्या 'स्टॅच्यू'च्या खेळासारखं चालतं. टीव्ही गेमचा डबा लॅचच्या तारेवरून ओरडतो, "स्टॅच्यू!" त्या क्षणी आठही बटणं जशी असतील तशी गोठतात. मग डबा क्लॉकच्या तारेवर एकेक टिचकी मारतो आणि दर टिचकीला डेटाच्या तारेवरून एका बटणाची हजेरी येते. ए दाबलंय? बी? सिलेक्ट? स्टार्ट? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हा क्रम ठरलेला आहे, कधीही बदलत नाही. तारेवर व्होल्टेज नसलं तर बटण दाबलेलं, असलं तर सुटलेलं. हे सगळं सेकंदात साधारण पन्नास-साठ वेळा.

ही हजेरी घेणारी चिप रिमोटच्या आतच असते. अस्सल रिमोटमध्ये तिचा नंबर ४०२१. आपल्या नकली रिमोटमध्ये उघडून पाहिलंत तर चिपच्या जागी डांबराचा थेंब सांडल्यासारखा काळा ठिपका दिसेल. काम तेच, फक्त स्वस्तात. पुढं आलेल्या सुपर निंटेंडोत बारा बटणं झाली, पण भाषा तीच राहिली, फक्त टिचक्या आठच्या सोळा झाल्या.

इथं एक जुना गैरसमज काढून टाकतो. आपल्या रिमोटवर गोल बटणं चार असायची, दोन साधी आणि दोन टर्बो. भाचा ती चार बटणं चार वेगवेगळ्या कामांना लावायला बसला होता. जमणार नाही. टर्बो हे वेगळं बटण नाहीच. ते दाबलं की रिमोटच्या आतलं सर्किट ए किंवा बी हेच बटण भराभर दाबतं आणि सोडतं, बास. डब्याला वाटतं, पोरगं फार चपळ आहे. कॉम्प्युटरलाही तेच वाटणार. दुभाष्याला हजेरीत आठच नावं ऐकू येतात, नववं आणि दहावं तो आणणार कुठून?

आता सेगा या दुसऱ्या कंपनीचा रिमोट. तिचा मेगा ड्राइव्ह हा टीव्ही गेम १९८८चा. त्याचाही प्लग नऊ भोकांचा, जत्रेतल्या रिमोटसारखाच. पण भाषा पार निराळी. इथं स्टॅच्यू नाही, एकामागून एक हजेरी नाही. इथली पद्धत चादरीच्या मागावरच्या जेकार्डसारखी. जेकार्डच्या पंचकार्डातली भोकं मागाला एकेक करून वाचावी लागत नाहीत. कार्ड पुढं आलं की भोक कुठं आहे आणि कुठं नाही, ते एका दमात कळतं आणि त्याप्रमाणं ताण्याचे धागे उचलले जातात. सेगाच्या रिमोटमध्ये तशा सहा तारा एकाच वेळी सहा बटणांची खबर देतात. पण बटणं आहेत आठ. म्हणून सातवी एक तार ठेवली, सिलेक्ट नावाची. ती चढी असली की चार दिशा, बी आणि सी यांची खबर मिळते. ती उतरली की त्याच तारांवर ए आणि स्टार्ट येतात. एकच कार्ड उलटून दुसरी बाजू वाचावी तसं.

आता कळेल, सेगाचा ॲडॉप्टर आणून त्यात जत्रेतला रिमोट घातला तर काय होईल. बसेल. चालणार नाही. आणि पाच व्होल्टची तार भलत्याच पिनेवर असेल तर रिमोट कायमचा जाईल. जत्रेतल्या रिमोटांत तर पिनांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो आणि वायरींचे रंग बघून काही ठरवणं म्हणजे शुद्ध जुगार. लाल म्हणजे अधिक, काळी म्हणजे ग्राउंड, असं समजून मी एक रिमोट घालवलाय.

प्लेस्टेशनचा रिमोट जरा बोलका आहे. १९९४ला पहिला प्लेस्टेशन आला, २००० साली दुसरा, आणि दोघांच्या रिमोटची भाषा जवळजवळ एकच आहे. यात डबा नुसती हजेरी घेत नाही, आधी विचारतो, "तू कोण?" रिमोट स्वतःची ओळख सांगतो: मी साधा, किंवा मी काड्या असलेला. काड्या म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दोन दांड्या. मग बटणांची खबर, आणि काड्या चालू असल्या तर त्या किती कुठं झुकल्यात त्याचे आकडे. रिमोट थरथरवायचा हुकूमही याच संभाषणात जातो. त्या थरथरीच्या मोटरसाठी वेगळी, जास्त व्होल्टची तार लागते, आणि स्वस्त ॲडॉप्टरमध्ये थरथर गायब होते ती बहुधा इथंच. प्लेस्टेशन टूच्या रिमोटवरची बटणं तर किती जोरात दाबलीत हेही सांगतात. कॉम्प्युटरवरच्या गेमना त्यात काही रस नसतो, म्हणून बहुतेक ॲडॉप्टर 'दाबलं' किंवा 'नाही दाबलं' एवढंच पुढं कळवतात. काकूंचे चार शब्द.

निंटेंडो ६४ (१९९६) आणि गेमक्यूब (२००१) यांच्यात बोलणं एकाच तारेवर होतं. विचारायचंही तिच्यावर आणि उत्तर द्यायचंही तिच्यावर, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. घरी जुळणी करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं एवढंच: ती तार साडेतीन व्होल्टच्या आसपासची आहे. पाच व्होल्टचा बोर्ड तिला डोळे मिटून जोडू नका.

या सगळ्यात एकच अपवाद मला माहीत आहे, जिथं भाच्याचं म्हणणं खरं ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सचा रिमोट (२००१) आतून यूएसबीच होता, फक्त प्लग वेगळा केला होता. तिथं खरोखर वायर बदलली तरी भागतं, मग त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, तेवढा शोधावा लागतो.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट, कॉम्प्युटरला काय कळतं.

यूएसबीमध्ये उपकरणांचे वर्ग ठरलेले आहेत. कीबोर्ड, माउस, रिमोट अशा माणसाच्या हातातल्या वस्तूंच्या वर्गाला एचआयडी म्हणतात. ॲडॉप्टरमधली चिप एकीकडं जुन्या डब्याचं सोंग घेते, स्टॅच्यू म्हणते, टिचक्या मारते. दुसरीकडं ती कॉम्प्युटरला सांगते, "मी एक गेमपॅड, मला अमुक इतकी बटणं." विंडोजला यापलीकडं काही लागत नाही. ड्रायव्हरची सीडीही लागत नाही. ॲडॉप्टर लावा, रनच्या चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' असं इंग्रजीत टाइप करा, एक छोटी खिडकी उघडेल. तिथं बटण दाबलं की लाल दिवा लागतो. कुठल्याही गेममध्ये शिरण्याआधी इथं बघायचं. इथं दिवा लागत असेल तर ॲडॉप्टर चांगला आहे, घोळ पुढं आहे. लागत नसेल तर गेमच्या सेटिंग धुंडाळण्यात रात्र घालवू नका.

पुढचा घोळ बहुतेक वेळा एकाच जागी असतो. विंडोजमध्ये गेमना रिमोट ऐकू येण्याचे दोन रस्ते आहेत. जुना डायरेक्टइनपुट, आणि एक्सबॉक्स ३६०च्या सुमारास, २००५ला आलेला एक्सइनपुट. जुन्या रिमोटांचे स्वस्त ॲडॉप्टर बहुधा पहिल्या रस्त्यानं जातात आणि बरेच नवे गेम फक्त दुसऱ्या रस्त्यावर वाट बघत उभे. दोघांची चुकामूक. जुन्या डब्याचं सोंग घेऊन जुने गेम चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, सहसा दोन्ही रस्ते ओळखतात, त्यामुळं मारिओ खेळायचा असेल तर अडचण येत नाही. नव्या गेमसाठी स्टीम या गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये रिमोट नोंदवता येतो. स्टीम मग त्याला एक्सबॉक्सच्या रिमोटचा मुखवटा चढवतं. थोडक्यात, दुभाष्यावर आणखी एक दुभाष्या.

तरीही ए आणि बीचा गोंधळ राहतोच. निंटेंडोच्या रिमोटवर ए उजव्या टोकाला असतो, एक्सबॉक्सच्या रिमोटवर खाली. पडद्यावर 'ए दाबा' आलं की हात कुठं जाणार? मी अक्षरं सोडून जागा जुळवतो. बोटांना जागा लक्षात राहते.

दिशांच्या फुलीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण ॲडॉप्टर विकणारा हे कधीच सांगत नाही. फुलीची खबर ॲडॉप्टर तीन प्रकारे देऊ शकतो. चार वेगळी बटणं म्हणून, आठ दिशांच्या होकायंत्रासारखी, किंवा काडी झुकल्यासारखी. मारिओला तिन्ही चालतात. पण समजा प्लेस्टेशन टूची डान्स मॅट कुणी माळ्यावरून काढली, ती पायांनी नाचायची. तिच्यावर डावा पाय डाव्या बाणावर आणि उजवा पाय उजव्या बाणावर एकाच वेळी पडतो. काडी एकाच वेळी डावीकडं आणि उजवीकडं झुकेल का? ॲडॉप्टर काडीचं भाषांतर करणारा असेल तर दोन्ही पाय एकमेकांना खोडून टाकतात आणि स्कोअर शून्य. मॅटला चारही बाण बटणं म्हणून कळवणाराच ॲडॉप्टर लागतो. काही ॲडॉप्टर मॅट ओळखून आपोआप तसं बदलतात, काहींत त्यासाठी ठरावीक बटणं दाबून ठेवावी लागतात.

आता घ्यायचं काय. प्लेस्टेशन टूच्या रिमोटसाठी दोन तोंडांचा यूएसबी ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळतो आणि साध्या खेळाला पुरतो. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या अशाच ॲडॉप्टरमध्ये डावी काडी अर्धी झुकवली की पूर्ण झुकल्यासारखी लागायची. परत पाठवला तर पुन्हा तसाच आला. सेगा, सुपर निंटेंडो वगैरेंचे ॲडॉप्टर बाहेरून मागवावे लागतात. जत्रेतल्या रिमोटसाठी मात्र घरी केलेलाच सगळ्यात बरा.

त्याला लागतो अर्दुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो, म्हणजे आपला प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड. यांच्या चिपमध्ये यूएसबी आतच आहे, म्हणून ते कॉम्प्युटरपुढं स्वतः गेमपॅड बनून उभे राहतात. अर्दुइनो उनो स्वस्त दिसला तरी घेऊ नका, त्याची यूएसबी वेगळ्या चिपमार्फत जाते आणि तिला गेमपॅड बनवायला फार आटापिटा करावा लागतो. रास्पबेरी पाय पिको (२०२१) हाही उत्तम, पण तो ३.३ व्होल्टचा आहे, पाच व्होल्टच्या रिमोटशी जोडताना तेवढं भान ठेवा. लागणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहून फुकट ठेवलेत. रिमोटची वायर कापायची नाही. नऊ पिनांचं एक सॉकेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणा, त्याच्या पाच पिनांना वायरी सोल्डरचा डाग देऊन बोर्डावर न्या. कुठली पिन कशाची, हे मल्टिमीटरच्या 'बीप'वर शोधा: रिमोट उघडा, एक टोक आतल्या सर्किटच्या डागाला, दुसरं प्लगच्या भोकाला. दहा मिनिटांचं काम आहे. ते मी टाळलं म्हणूनच तो एक रिमोट गेला.

डेटाची तार सैल राहिली तर मारिओ स्वतःहून पळायला लागतो किंवा सगळी बटणं एकदम दाबल्यासारखं दिसतं. भूत नाही, डाग कच्चा आहे.

रिमोटचंही वय झालेलं असतं. बटणाखाली रबराची चादर असते आणि तिच्या पोटाला काळी कार्बनची टिकली. ती सर्किटवर टेकली की बटण लागतं. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा, रबर कडक होणारच. टिकली आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसलं की बहुतेक बटणं परत जागी होतात. टिकली खरवडू नका, कार्बन निघून येतो.

हे सगळं झालं, आम्ही दोघं खेळायला बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात मी पडलो. दुसऱ्यांदा पडलो. भाचा म्हणाला, "मामा, ॲडॉप्टर लेट करतोय." संशय रास्त होता. यूएसबीत रिमोट आपणहून बोलत नाही, कॉम्प्युटर विचारेल तेव्हाच बोलतो. साधे ॲडॉप्टर सेकंदाला १२५ वेळा विचारले जातात, म्हणजे जास्तीत जास्त ८ मिलिसेकंदांची वाट. चांगले १००० वेळा, १ मिलिसेकंद. गेमचं एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहतं. तेव्हा अगदी स्वस्त ॲडॉप्टरही अर्ध्या चित्रापेक्षा जास्त उशीर स्वतःच्या खात्यावर घालत नाही. त्याहून जास्त वेळ आजचा एलईडी टीव्ही चित्र सजवण्यात खातो. टीव्हीचा गेम मोड चालू केला तर फरक जाणवतो. तो केला. तरी मी पडतच होतो.

मग लक्षात आलं. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे, आणि जत्रेतले डबेही त्यांच्यासाठीच केलेले. मूळ गेम ६० चित्रांसाठी लिहिलेले. गेमला घड्याळ कळत नाही, तो चित्रं मोजतो. त्यामुळं आमच्या लहानपणीचा मारिओ सगळ्या भारतात सावकाश पळत होता आणि त्याचं संगीतही संथ वाजत होतं. एम्युलेटरनं त्याला मूळ वेगावर नेऊन ठेवलं, एकदम वीस टक्के जलद. माझी बोटं अजून पन्नासच्या हिशेबात होती. काही एम्युलेटरमध्ये 'डेंडी' नावाचा पर्याय असतो. डेंडी ही रशियात खपलेली अशीच एक नक्कल, तीही ५० चित्रांची. तो लावला आणि खड्डा ओलांडला. भाच्याला मात्र आता सगळं रटाळ वाटायला लागलं.

खोक्यात सगळ्यात खाली बदकं मारायची बंदूक निघाली. तिचा ॲडॉप्टर कुठला, असं त्यानं विचारलं. बंदुकीचा घोडा कॉम्प्युटरपर्यंत नेता येईल, पण ती नुसती डब्याशी बोलत नाही, टीव्हीशीही बोलते. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की नेम लागला. हा सेन्सर जुन्या काचेच्या टीव्हीतल्या, ओळीमागून ओळ काढत जाणाऱ्या झगझगीत किरणासाठी केलेला आहे. आजच्या टीव्हीवर चित्रही उशिरा येतं आणि तो किरणही नाही, म्हणून बदक कधीच मरत नाही. बंदूक परत खोक्यात ठेवली. बहिणीच्या सासरी कोठीघरात एक डबा टीव्ही अजून आहे म्हणे, सध्या त्याच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलंय.